इंजिनने खाल्लेली धूळ

१

उत्तर न दिलेली पत्रं बाळ सबनिसांच्या आयुष्यात फारशी नव्हती, कारण मुळात त्यांना पत्रंच कमी येत. त्यामुळे जे एक राहून गेलं होतं ते जरा जास्तच टोचायचं.

संक्रांतीच्या सुमारास आलेलं ते एक आंतर्देशीय होतं. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे वर चढत गेलेल्या. लिहिणारा कुंडलिक नावाचा ट्रक ड्रायव्हर. ‘आपल्या पुस्तकाच्या मागे शंका असल्यास लिहावे असे छापले आहे म्हणून लिहितो,’ अशी सुरुवात होती. पुढे शंका. ‘शेठच्या मुलाने एअर फिल्टर कापडाचा मागवला आहे. तो धुवायचा आणि पुन्हा लावायचा. आजवर आम्ही कागदी वापरला, भरला की फेकून नवा टाकायचा. गाडी खडीची आहे, धूळ फार. कोणता बरा? आपण सांगाल तसे करू.’

त्या शेवटच्या वाक्याने सबनिसांचा पार धीर खचला. आपण सांगू तसं कोणी करेल, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

सबनीस ठाण्यातल्या एका तंत्रशाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त होण्याआधी शाळेने त्यांच्याकडून मालवाहू गाड्यांच्या देखभालीवर एक लहान पुस्तिका इंग्रजीवरून मराठीत करून घेतली होती. ती त्यांनी मन लावून केली. पण स्वतः त्यांनी कधी स्कूटरसुद्धा चालवली नव्हती, आणि मागच्या पानावर त्यांचा डोंबिवलीचा पत्ता छापायची कल्पना मुख्याध्यापकांची होती.

उत्तर लिहायला ते बसले मात्र होते. कागदी फिल्टर म्हणजे बारीक चाळण, धूळ त्याच्या छिद्रांतूनच जात नाही. पण तो लवकर भरतो आणि फेकावा लागतो. कापडी फिल्टरची छिद्रं मोठी, त्याची सगळी मदार कापडाला लावलेल्या चिकट लाल तेलावर. धूळ त्या तेलाला चिकटते म्हणून अडते. तो वर्षानुवर्षं टिकतो, पण दर वेळी धुऊन, वाळवून, नव्याने तेल द्यावं लागतं. इथवर छान जमलं. ‘म्हणून माझ्या मते’ एवढं लिहून त्यांचा पेन थांबला. सकाळी त्यांचं मत कागदी असायचं आणि जेवण झाल्यावर कापडी. होळी झाली, पाडवा झाला, पत्र शब्दकोशाच्या खाली गेलं.

मे महिना संपत आला असताना एका सकाळी दारात पन्नाशीचा एक सडपातळ माणूस उभा राहिला. पायातल्या चपला त्याने आधीच काढून ठेवल्या होत्या.

“मी कुंडलिक,” तो म्हणाला. “पत्र पाठवलेलं मी. तुमची तब्येत बरी नसेल म्हणून परत लिहिलं नाही. सर, इंजिन गेलं. आणि शेठ म्हणतो मी मारलं.”

२

चहा कुंडलिकने घेतला, पण कप हातात धरूनच बसला. त्याने सांगितलं ते असं.

ट्रक मानपाड्याच्या पोपटशेठचा. खाणीतून खडी भरायची आणि घोडबंदर रोडला जिथे टॉवर उठतायत तिथे ओतायची, हे त्याचं काम. कुंडलिक त्या गाडीवर नवी होती तेव्हापासून. महिनाभर गाडी ओढत नव्हती, ऑइल पीत होती, मागून निळा धूर, आणि शेठ रोज त्यालाच शिव्या देत. मग परवा कोलशेतच्या वळणावर ती जी बसली ती उठलीच नाही. मेकॅनिकने इंजिन उघडलं तर पिस्टन, सिलिंडर सगळं घासून निघालेलं, आणि फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात धूळ. म्हणजे इंजिनने धूळ खाल्ली होती.

“शेठचं म्हणणं काय?” सबनिसांनी विचारलं.

“मला तो कापडी फिल्टर पसंत नव्हता हे सगळ्यांना माहीत आहे. मी बोललेलो तसं, चारचौघांत बोललेलो. आता शेठ म्हणतो, फिल्टर बदनाम व्हावा म्हणून मी डब्याचं झाकण मुद्दाम ढिलं ठेवलं. रविवारी कोलशेतला ट्रकमालकांची बैठक आहे. तिथे नाव घेऊन सांगणार आहे.”

त्या बैठकीत एकदा नाव निघालं की ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही मालक कुंडलिकच्या हातात चावी देणार नव्हता. गाडी मारणारा ड्रायव्हर म्हणजे त्या धंद्यात मेलेलाच माणूस. हे त्याने सांगितलं नाही, कपाकडे बघत राहिला तेवढ्यात ते कळलं.

“झाकण ढिलं होतं का?”

“नाही.”

“मग धूळ फिल्टरमधूनच गेली असणार. म्हणजे कापडी फिल्टरच...”

“तेच तर विचारलेलं सर मी तुम्हाला,” कुंडलिक म्हणाला.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. सबनिसांना वाटलं, असती तर बरं झालं असतं. त्यांनी छत्री घेतली, उन्हाला घेतात तशी, पिशवीत पुस्तिका टाकली आणि आपण नेमकं काय करायला निघालो आहोत याची काहीही कल्पना नसताना ते त्याच्याबरोबर निघाले.

३

कोलशेतच्या खाडीकडच्या अंगाला प्रितमचं गॅरेज होतं. प्रितम तिशीचा, गळ्यात हेडफोन अडकवलेला. पोपटशेठच्या ट्रकचं इंजिन त्याने ताडपत्रीवर मांडून ठेवलं होतं, लग्नात रुखवत मांडतात तसं.

“काका, ये कापडी वापडी सब दिखावा है,” त्याने येताच निकाल दिला. “कागदी टाका, विसरून जा. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

त्याच्या मागच्या फळीवर कागदी फिल्टरचे खोके छतापर्यंत रचलेले होते. सबनिसांनी ते पाहिलं आणि पहिला संशय तिथेच घेतला. कापडी फिल्टर सगळ्यांनी घेतले तर याचे खोके कोण घेणार? मग त्यांना या संशयाची लाज वाटली. मग लाज वाटते म्हणून संशय सोडणं बरोबर नाही असंही वाटलं.

त्यांनी फिल्टरच्या पुढचा पाइप बघायला मागितला. आतून बोट फिरवलं. धूळ पिठासारखी बारीक होती आणि पाइपाच्या आत चहूबाजूंनी सारख्या जाडीने बसलेली होती. वर, खाली, बाजूंना, कुठे कमी नाही की जास्त नाही. त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी घाईघाईने पिशवीतली पुस्तिका काढली. पान सापडलं. त्यांचंच वाक्य होतं: ‘नळीत धुळीचा पट्टा एकाच बाजूस असेल तर झाकणात वा रबरात फट शोधावी, धूळ सर्वत्र सारखी असेल तर गाळणीवर शंका घ्यावी.’

“म्हणजे झाकण नीट होतं,” कुंडलिक हळूच म्हणाला.

“या वाक्याप्रमाणे, हो,” सबनीस म्हणाले. “पण हे वाक्य बरोबर आहे का?”

प्रितमने त्यांच्याकडे पाहिलं. “काका, तुम्हीच लिहिलंय ना?”

“म्हणून तर.”

प्रितम हसला, पण मग पाना खाली ठेवून सरळ बोलला. वाक्य बरोबर होतं. फटीतून हवा ओढली जाते ती एका रेघेत, तिचा डाग त्याच बाजूला पडतो. झाकणाच्या क्लिपाही त्याने स्वतः उघडल्या होत्या आणि त्या घट्ट होत्या; मागची क्लिप वाकलेली, ती अंगठ्याने वर उचलून कशी उघडते हेही त्याने दाखवलं. शेठला त्याने हे सांगितलं होतं का? नव्हतं. शेठने विचारलं नाही, आणि शेठसमोर ड्रायव्हरची बाजू घ्यायची तर गिऱ्हाईक जातं.

मग फिल्टर. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. सबनिसांनी तो बाहेर काढून उलटा करून टेबलावर आपटला, आणि भुरूभुरू धूळ सांडली. खालचं कापड दिसलं. ते पांढरं होतं.

“तेल लाल असतं ना?” त्यांनी विचारलं.

कुंडलिक पुढे आला. त्याने फिल्टर हातात घेतला, घड्या उलगडून पाहिल्या, आणि त्याचा चेहरा पडला. “सर, मी तेल लावलेलं,” तो म्हणाला. “शपथ घेऊन सांगतो. पूर्ण लाल केलेला मी याला.”

४

सबनीस त्या दिवशी घरी आले ते अधिकच गोंधळून. सकाळी प्रश्न एक होता, आता तीन झाले.

फिल्टर प्रितमने धुतला असेल का, आपले खोके खपवायला? तसं असतं तर त्यावर धूळ राहिली नसती. बरं, तेलावर बसलेली धूळ चिखलासारखी चिकटते. ही पिठासारखी सांडली. म्हणजे धूळ बसायच्या आधीपासूनच कापड कोरडं होतं. प्रितम सुटला. मग कुंडलिक खोटं बोलतोय? तेल लावायचं विसरला आणि आता कबूल करायला धजत नाही? हा संशय त्यांना फार सोपा वाटला आणि सोपा वाटला म्हणून आवडला नाही. शिवाय कुंडलिकने खिशातून काढलेलं, तेलाचे हात पुसायचं फडकं त्यांनी पाहिलं होतं. धुऊन धुऊन विरलेलं, पण अजून गुलाबी.

आणखी एक गोष्ट होती. फिल्टरच्या एका खोल घडीत हिरवट रंगाचा एक कपचा अडकला होता. नखाने काढला तर घसरला. वास घेतला तर कपड्याच्या वडीचा साबण. तो त्यांनी कागदात गुंडाळून आणला होता आणि आता समोर ठेवून ते त्याच्याकडे बघत बसले होते. फिल्टरच्या खोक्यात धुवायला म्हणून एक पातळ द्रव येतो, कुंडलिक तोच वापरायचा. साबणाची वडी इंजिनच्या कामात येते कुठून?

संध्याकाळी त्यांनी कुंडलिकला फोन लावला. फोनवर बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी प्रश्न कागदावर लिहून घेतला होता.

“कुंडलिकराव, शेवटचं तेल तुम्ही कधी लावलंत आणि फिल्टर गाडीत कधी बसवलात?”

तेल जयंतीच्या आदल्या दिवशी लावलं, असं कुंडलिकने सांगितलं. शेठच्या घराच्या मागच्या ओट्यावर फिल्टर ठेवला, कारण तेल कापडात मुरायला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. कल्याणला त्याच्या वस्तीची मिरवणूक होती, तो सुट्टीवर होता. आणि परतला तेव्हा गाडीवर बदली ड्रायव्हर एक फेरी मारून आलेला होता.

“आणि फिल्टर?”

“डब्यात होता. झाकण लावलेलं. नंतर एकदा उघडून बघितलेला, पण तोवर धुळीने राखाडी झालेला, रंग काय कळणार?” तो म्हणाला. “सर, तुम्ही विचारलंत म्हणून आता लक्षात येतंय. मी बसवलाच नाही. मला वाटलेलं शेठने बसवला.”

५

पोपटशेठ म्हणाले, त्यांना वाटलं होतं कुंडलिकने बसवला.

मानपाड्याला एमआयडीसीच्या मागे त्यांचं घर होतं. पुढून तीन मजली, मार्बलचं. मागे मात्र जुनं कौलारू स्वयंपाकघर आणि शेणाने सारवलेला ओटा तसाच ठेवलेला. शेठ मोठ्या अंगाचे, आवाजही मोठा. सबनिसांना त्यांनी मान देऊन बसवलं, मास्तर म्हणाले, पण कुंडलिकला या म्हटलं नाही. तो फाटकापाशी उभा राहिला.

सबनिसांनी पाइपातल्या धुळीचं सांगितलं. ते सांगताना त्यांची वाक्यं मधेच तुटत होती, कारण शेठ भुवया वर करून ऐकत होते. झाकणाची गोष्ट त्यांना पटली असावी, कारण ते लगेच दुसरीकडे वळले.

“बरं, झाकण नाय तर तेल. तेल त्यानीच लावला नाय ना? गुन्हा तोच.”

“तेल लावलं होतं. फिल्टर इथे ओट्यावर ठेवलेला होता. तिथून तो उचलून गाडीत कोणी लावला, एवढंच...”

शेठनी मोठ्याने हाक मारली. त्यांचा मुलगा सुशांत आतून आला. घोडबंदर रोडला कॉम्प्युटर कंपनीत कामाला, गोरापान, मवाळ मुलगा. कापडी फिल्टर त्यानेच मागवला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फिल्टर किती चांगला आहे हे सबनिसांना समजवायला सुरुवात केली. कागदी दर थोड्या महिन्यांनी कचऱ्यात जातो, हा आयुष्यभर चालतो, इंजिनला हवा मोकळी मिळते. सबनिसांना त्याचं सगळं पटत होतं, हीच अडचण होती. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर ते मान डोलावत होते आणि आपण कुणाच्या बाजूने आलो आहोत हे विसरत होते.

तेवढ्यात त्यांच्या एक लक्षात आलं. सुशांत फिल्टरच्या डब्याबद्दल बोलताना हाताने हवेत क्लिपा उघडून दाखवत होता. चार क्लिपा, त्यातली मागची अंगठ्याने वर उचलायची. प्रितमही ती तशीच उघडत होता, कारण ती वाकलेली होती. पण हे डबा उघडल्याशिवाय कोणाला कळणार?

सबनिसांना ते मोठ्याने बोलायचं नव्हतं. ते नुसते त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले. सुशांतनेही मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

“मी लावला,” तो म्हणाला. “जयंतीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी बदलीवाला येणार होता आणि डबा रिकामा होता.”

शेठची मान हळूहळू त्याच्याकडे वळली. आपल्या परवानगीशिवाय लॅपटॉपवाल्याने गाडीला हात लावायचा नाही, असा त्यांचा घरात नियम होता. आधी एकदा सुशांतने बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. म्हणूनच तो गप्प राहिला होता.

“तू लावलास,” शेठ म्हणाले, “आणि महिनाभर मी त्याला शिव्या देतोय.”

“पप्पा, पण तो कोरा होता. पांढरा शुभ्र. कुंडलिकदादांनी फोनवर सांगितलेलं, तेल लावून ठेवलाय. मला वाटलं आत मुरलं असेल. मी तेल काढलं नाही.”

मग ते कोणी काढलं? कुंडलिकने लाल करून ठेवलेला फिल्टर दुसऱ्या संध्याकाळी पांढरा झाला होता. त्या दिवशी शेठ साइटवर होते, सुशांत ऑफिसला. सबनिसांनी कागदाची पुडी उघडून साबणाचा कपचा टीपॉयवर ठेवला. तिघेही त्याच्याकडे बघत असताना मागच्या स्वयंपाकघरातून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

“माझा साबन हाय तो. त्याला काय झाला?”

६

मालनबाई, पोपटशेठच्या आई, ऐंशीच्या पुढे गेल्या असाव्यात. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाठ ताठ. त्यांनी कपचा उचलून वास घेतला आणि परत ठेवला.

सबनिसांना आता सगळं दिसत होतं आणि ते त्यांना नको होतं. शेठच्या फाटकातून शिरताना बाजूने दिसणाऱ्या मागच्या ओट्यावरच्या बरण्या त्यांनी पाहिल्या होत्या, वर्षाच्या मसाल्याने काठोकाठ भरलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या. वर्षाचा मसाला होतो तो चैत्रात, कडक उन्हात. जयंती तेव्हाच असते. आणि मसाल्याच्या मिरच्या तेलावर परततात.

त्यांना वाटलं, इथेच उठावं आणि झाकण घट्ट होतं एवढं सांगून निघावं. पण फाटकापाशी कुंडलिक उभा होता, आणि रविवार परवावर आला होता.

“मालनबाई,” ते म्हणाले, “मसाला केलात त्या दिवशी ओट्यावर एक गोल जाळीची वस्तू होती का?”

“व्हती ना. गारीची.” त्या खाली बसल्या. “मिरच्या परतून ओट्यावर पसरल्या मी, नि मंग त्याच्यावर नजर गेली. पार लाल नि तेलकट. मी बोलली, जल्ला, माझा मसाला सांडला त्याच्यावर. गारीत मसाला गेला तं गारी बंद परेल, नि पोपट वरडेल त्या कुंडलिकला. म्हनून साबन लावून चांगला घासला. तीन पान्यानी काढला. उनात वालवला. निस्ता दुधासारखा झालता.” त्यांच्या आवाजात अजूनही त्या धुण्याचा अभिमान होता. मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. “का? मसाला रायला का आत?”

शेठनी तोंडावरून हात फिरवला. सुशांतच्या ओठांवर एक विचित्र हसू आलं आणि ते त्याने गिळलं.

सबनीसच बोलले. तो मसाला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. ते खास तेल होतं, फिल्टरचंच. कुंडलिकने मुद्दाम लावलेलं. दिसायला तुमच्या मसाल्याच्या तवंगासारखंच, यात तुमची चूक नाही. त्या तेलाशिवाय धूळ अडत नाही. हे सांगताना त्यांनी शक्य तितके मऊ शब्द वापरले, पण ते शब्द मऊ करत गेले तशा मालनबाई जास्त ताठ होत गेल्या.

“म्हंजे गारी मी मारली.”

“आये, तुला काय ठाव...” शेठ म्हणाले.

“नि तू त्याला बोललास.” त्यांनी फाटकाकडे हात केला. “महिनाभर तो तोंड पारून फिरतोय, नि मना कोनी इचारला पन नाय. धुनाभांडी मी करते, मसाला मी करते, पन गारीचा इचारायचा तं बाप्यानाच. इचारला असता तं त्याच दिशी सांगितला असता.”

शेठ म्हणाले, जे झालं ते झालं, रविवारी बैठकीत ते विषयच काढणार नाहीत. कुंडलिकने ते फाटकातून ऐकलं असावं. तो पहिल्यांदा आत आला.

“विषय तुम्ही आधीच काढलाय शेठ,” तो म्हणाला. “नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे. आता गप्प बसलात तर लोक म्हणतील, दया केली.”

आईचं नाव चाळीस मालकांसमोर घ्यायचं की पदरच्या ड्रायव्हरचं नाव धुळीत ठेवायचं? सबनिसांना त्या क्षणी शेठची कीव आली. आपल्यालाही हे ठरवता आलं नसतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

मालनबाई उठल्या. पदर खांद्यावर घट्ट केला.

“मी येते रविवारी,” त्या म्हणाल्या. “खुर्ची ठेवा माझ्यासाठी.”

७

बैठकीचं सबनिसांना कुंडलिककडूनच फोनवर कळलं. मालनबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नाकात नथ घालून. शेठ उभे राहिले, आणि त्यांना बोलता येईना म्हणून त्यांनी बसूनच सांगितलं की झाकण घट्ट होतं, कुंडलिकने तेल लावलं होतं, घोळ त्यांच्या घरात झाला. घोळ कसला, ते मालनबाईंनी सांगितलं. अगदी मिरच्या कुठून आणल्या तिथपासून. काही जण हसले. कोलशेतचा एक म्हातारा मालक म्हणाला की त्याच्या बायकोने एकदा गाडीच्या हॉर्नचा रबरी फुगा उशीखाली घातला होता, मानेच्या दुखण्यावर. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात कुंडलिकचं नाव साफ झालं. निघताना शेठने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“मग परत गाडीवर जाणार?” सबनिसांनी विचारलं.

“इंजिन बनतंय. पण एक राहिलंय.” कुंडलिक म्हणाला. “सुशांत म्हणतो, फिल्टरचा दोष नव्हताच, धुऊन तेल लावून परत तोच टाकू. शेठ म्हणतात कागदी टाका. मी बोललो, ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांना विचारून ठेवलंय, त्यांचं उत्तर येईल तसं करू. ते दोघं कबूल झालेत.”

“मी आत्ताच सांगतो ना फोनवर.”

“नको सर. पत्राला पत्र पाहिजे. आणि मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. खरं काय ते लिहा.”

सबनिसांनी शब्दकोशाच्या खालून जुनं आंतर्देशीय काढलं. कागद घेतला. ‘म्हणून माझ्या मते’ पर्यंत ते मजेत पोचले आणि पुन्हा थांबले. आता तरी कळायला हवं होतं. सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पाहिल्यामुळे गोंधळ वाढलाच होता. कापडी फिल्टरने इंजिन मारलं नव्हतं. त्याला त्याचं तेल मिळालं असतं तर इंजिन अजून धावत असतं. सुशांत चुकत नव्हता. कागदी फिल्टर त्या खडीच्या धुळीत भराभर भरणार होता. प्रितमचे खोके खपणार होते. मग कागदी का म्हणायचं?

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी सुनेने पापडाच्या शेजारी नवऱ्याचे बूट उन्हात ठेवले होते, आणि सासू येऊन ते बूट उचलून धुवायला नेत होती. सबनिसांनी पेन उचलला आणि ते वाक्य न खोडता पुरं केलं.

‘कुंडलिकराव यांस,

उत्तरास फार उशीर झाला. दोन्ही फिल्टर चांगले आहेत. कापडी फिल्टरला तेल हवे आणि तेल लावले आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे. तुमच्या शेठच्या घरी तुम्ही, सुशांत आणि आई, तिघेही कामाचे आणि काळजी करणारे आहात, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्या फिल्टरची सेवा केली. म्हणून माझ्या मते तुमच्या गाडीत कागदीच टाकावा. त्याला कोणी धुणार नाही. भरला की फेका. वरच्या अंगाची धूळ रोज झटका आणि रबर नीट बसले आहे ना ते स्वतः पाहा. बदली ड्रायव्हर असेल तरीही. सुशांतला सांगा की त्याचे म्हणणे खोटे नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.’

पत्र त्यांनी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तर पाठवणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून चिकटवून टाकलं. चौकातल्या लाल पेटीपाशी जाईपर्यंत ठीक होतं. पत्र फटीत अर्धं गेलं तेव्हा मात्र त्यांच्या मनात आलं, की सगळ्यांनी एकमेकांना सांगून काम केलं तर कापडीही चालला असता. आपण लोकांना बोलायला सांगायचं सोडून कागद फेकायला सांगतोय की काय? त्यांनी बोटं आवळली. पण मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, “आजोबा, टाकताय ना?” आणि सबनीस “हो हो, सॉरी,” म्हणून बाजूला झाले.

पत्र तोवर बोटांतून सुटून पेटीत पडलं होतं.